खेचर क्रमांक सत्तेचाळीस

खुराच्या कवचाला वेदना नसते. तापलेलं लोखंड टेकवलं की धूर निघतो, केस जळल्यासारखा वास सुटतो, जनावर कान हलवतं आणि आकडा उमटतो. पुढच्या सात-आठ महिन्यांत खूर वाढतो, आकडा खाली सरकत झिजून जातो. मग पुन्हा डागायचा.

*

"खुरावर आकडा काय होता?"

"सत्तेचाळीस, साहेब."

"मग खेचर तुझंच."

"आकडा माझ्या खेचराचा होता, साहेब. खेचर माझं नव्हतं."

(चौकशीचा कागद, एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा. पुढे प्रश्न नाही.)

*

सुनेने माळा आवरला तेव्हा एक लोखंडी पेटी निघाली, आत एक जुनी वही. सासऱ्यांना न विचारता तिने ती संग्रहालयाला देऊन टाकली.

*

'चालक भार टाकून पळाला.'

(खेचर तुकडीचा इतिहास, पहिली आवृत्ती, पान एकशे बारा.)

*

फोन सकाळी नऊला वाजला.

"बाई, असाल तशा या," संग्रहालय सांभाळणारे निवृत्त कर्नल म्हणाले. "नालबंदाच्या वहीतलं पान कुणीतरी कापलंय."

बाई संग्रहालयाच्या नोंदपाल होत्या. पहिली आवृत्ती त्यांनीच लिहिली, त्याला एकोणीस वर्षं झाली. दुसरी आज दुपारी चारला छापखान्यात जायची होती. एकच गोष्ट अडली होती. त्या चालकाचं नाव सन्मानयादीत घालायचं की पान एकशे बारा तसंच ठेवायचं?

चालक दोन वर्षांपूर्वी वारला. काल त्याची मुलगी आली होती. पंचेचाळिशीची, शिवणकाम करणारी, मोजकं बोलणारी. म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत एकच सांगायचे. नालबंदाची वही बघा. मला ती बघायचीय."

कर्नल म्हणाले होते, "उद्या सकाळी वहीचं कपाट उघडतो."

हे तिघांनी ऐकलं होतं. बाईंनी, त्या मुलीने आणि कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्या नालबंदाने.

संग्रहालय म्हणजे जुना तबेलाच. जमिनीत अजून पाणी वाहायच्या सऱ्या होत्या. बाई पोचल्या तेव्हा कर्नल, मुलगी आणि नालबंद तिघंही आत होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच," कर्नल म्हणाले. "आणि ते काही माझ्या फायद्याचं नाही, हे मलाही कळतं."

"चौकशी तुम्हीच केली होती ना?"

"चोवीस वर्षांचा होतो, बाई. आकडा विचारला, आकडा जुळला, सही केली. तो 'खेचर माझं नव्हतं' म्हणाला, त्यानंतर एक प्रश्न विचारायला हवा होता. कोणता, ते मला अजून सुचलेलं नाही."

चालकाची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. "आता काय, पान नाही म्हणजे पुरावा नाही. असंच ना?"

"थांबा जरा, ताई."

बाईंनी कपाट तपासलं. कुलूप शाबूत. काच शाबूत. सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांवर गंज चढलेला, या एका दाराच्या दोन्ही सळयांची डोकी मात्र चकचकीत. लाकडावर कुठे ओरखडा नव्हता.

"काल दुपारी या कपाटापाशी कोण होतं?"

"आपण तिघं माझ्या खोलीत मुद्रितं बघत होतो," कर्नल म्हणाले. "तासभर तरी. नालबंदकाका इथेच डुलक्या काढत होते."

"म्हातारा माणूस, डुलक्या नाही तर काय कवायत करणार?" नालबंद हसले. "सुनेने पेटीबरोबर मलाही इथे देऊन टाकलं नाही, हे नशीब समजा."

कोणी हसलं नाही. चालकाच्या मुलीने मात्र त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "बसा काका. पाय दुखतील." मग बाईंना म्हणाली, "बाबांकडे तुकडीतलं कोणी फिरकलं नाही. हे एकटे यायचे. दर महिन्याला."

नालबंद बसले नाहीत.

बाईंनी वही घेतली. रकाने साधे होते. तारीख, खेचराचा क्रमांक, नालेचं माप, केलेलं काम. कापलेलं पान हिवाळ्याच्या सुरुवातीचं होतं. कडा चढताना औषधांच्या पेट्यांसकट सत्तेचाळीस नंबरचं खेचर दरीत गेलं, त्याच आठवड्याचं. वरच्या चौकीतले सहा जखमी त्या औषधांविना गेले होते.

बाईंनी मागचं पान वाचलं. पुढचं वाचलं. पुन्हा मागचं.



"काका, मोठ्या खेचराच्या नालेचं माप बदलतं का हो?"

"छे. वाढ पुरी झाली की माप ठरलं. मरेपर्यंत तेच."

"आणि डागलेला आकडा? पुसता येतो?"

नालबंदांनी कपाटाकडे पाहिलं. "कानशीने घासला तर जातो."

"साहेब, ताई, दोघंही इकडे या," बाई म्हणाल्या. "हे कापलेल्या पानाच्या आधीचं पान. सत्तेचाळीस, माप पाच. त्रेसष्ट, माप तीन. त्रेसष्ट हे राखीव खेचर, तरुण पण वाढ पुरी झालेलं, त्याला ठरलेला चालक नव्हता. आता पुढचं पान बघा, वसंतातलं. सत्तेचाळीस नाही, ते दरीत गेलं. आणि त्रेसष्ट?"

कर्नल वाकले. "माप पाच."

"तीनचं पाच झालं. तेही एका हिवाळ्यात."

"म्हणजे..." मुलगी म्हणाली.

"म्हणजे दरीत गेलं ते त्रेसष्ट. त्याच्या खुरावर सत्तेचाळीस डागलं होतं. तुमचे बाबा खरं बोलत होते. त्यांचं खेचर इथेच, तबेल्यात उभं होतं. त्याचा आकडा घासून त्रेसष्ट डागलं गेलं."

"पण कोणी?" कर्नल म्हणाले. "आणि पान?"

"साहेब, तुम्हाला काही लपवायचं असतं तर तुम्ही चौकशीचा कागद पळवला असता. तो त्याच फळीवर आहे. शिवाय किल्ली असणारा माणूस बिजागरीच्या सळया कशाला उपटेल? ताई तर ते पान वाचायलाच आल्या होत्या. राहिला एक माणूस. लाकडाला धक्का न लावता लोखंड उपसायचं आणि परत ठोकायचं, हे ज्याने आयुष्यभर केलं तो. डागण्याच्या नोंदी नेमक्या कोणत्या पानावर आहेत हे माहीत असलेलाही तोच. त्याने डागण्याचं पान कापलं. मापांकडे त्याचं लक्षच गेलं नाही."

बाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत राहिली.

"मापं मी कधी वाचलीच नाहीत," नालबंद शेवटी म्हणाले. "हात बघायचा, हात लिहायचा."

"का, काका?" मुलीने विचारलं. आवाज चढला नव्हता.

"खिळा आत गेला. मांसात. नवशिक्याचं काम, आणि मी तुकडीतला पहिला नालबंद. सत्तेचाळीस पाय टेकेना. साहेबाला सांगितलं असतं तर शिक्षा झाली असती. नुसती शिक्षा, बघ. त्रेसष्ट रंगाने सारखंच होतं. वाटलं, एका फेरीचा प्रश्न आहे." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "ते कधी कड्यावरून चाललंच नव्हतं."

"तुम्ही दर महिन्याला यायचात."

"सांगायलाच यायचो. तो चहा पुढे करायचा, आणि..."

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी काढली. तेच पान. त्यावर त्यांच्याच गोल अक्षरात एकाच तारखेच्या दोन नोंदी होत्या: त्रेसष्ट, डागले. सत्तेचाळीस, डागले.

"जाळणार होतो. जन्मभर डागण्याचाच धंदा केला, एक पान काही जाळता आलं नाही."

मुलीने पान घेतलं. वाचलं. मग ती तबेल्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठमोरी उभी राहिली. नालबंद दोन पावलं तिच्याकडे गेले आणि तिथेच थांबले.

"बाई," कर्नल हळूच म्हणाले, "चालकाचं नाव यादीत घालूच. पण काकांचं... वय बघा त्यांचं. छापायलाच हवं का?"

बाईंनी टेबलावरचं जुनं पुस्तक उघडलं. पान एकशे बारा. शेजारी तुकडीची मूळ दैनंदिनी ठेवली. त्यात कर्नलांनी त्या दिवशी लिहिलं होतं, 'भार गेला. चालक एकटा परतला.'

"हे वाचा. यात पळाला कुठे आहे?"

कर्नलांनी दोनदा वाचलं. "नाही."

"तो शब्द माझा. वाक्य कोरडं वाटलं म्हणून घातला." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "सगळं छापायचं, साहेब. काकांचं, तुमच्या चौकशीचं आणि हेही. माझ्या नावानिशी."

त्या लिहायला बसल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते.

पहिली आवृत्ती निघाली त्या वर्षी चालकाने तिची एक प्रत टपालाने मागवून घेतली होती.