वराच्या नावाची रिकामी जागा

शाळेतल्या जानराव मास्तराकडून अन्नपूर्णेला एकच फायदा हवा होता: बसल्याजागी उरकणारं काम. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. देऊळगाव राजात तिच्या वडिलांच्या, हिंमतरावांच्या छापखान्यात लग्नपत्रिकेचा मजकूर शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांनी जुळवून, दोऱ्यानं बांधून कायम तयार असे. गिऱ्हाईक आलं की नावं तेवढी बदलायची. खुद्द तिच्या पत्रिकेच्या खिळ्यांचाही गठ्ठा हिंमतरावांनी बांधून ठेवला होता— वराची जागा तेवढी रिकामी.

जानराव बहिणीची, सिंधूची पत्रिका छापायला आला आणि हिशेब बिघडला.

"वरची गणपतीची ओळ काढा. कुलदैवताचीही. आमी बौद्ध झालो आता."

"मंग उरलं काय, मास्तर?"

"दोन माणसं उरली ना!"

हसू लपवायला ती खिळ्यांच्या खणावर वाकली. तिच्यासोबत नवा मजकूर ओळीओळीनं जुळवताना त्याच्या बोटांना शाई लागली. तिनं रॉकेलची चिंधी पुढे केली... पण लगेच सोडली नाही.

छपाई झाल्यावर खिळे मोकळे करायचे सोडून तिनं त्या मजकुराला दोरा बांधला.

"हा काऊन ठेवता?"

"पुढं कामी येईल."

"कोणाच्या?"

"तुमाले लई घाई!"

मग शाळेच्या प्रश्नपत्रिका आल्या, पावत्या आल्या. एकदा तो नुसताच आला.

"त्या मजकुरात... माझं नाव बसंल का? तुमच्या शेजारी?"

"बसंल. पण मले घर सोडा लागंल, मास्तर."

"म्हणून तर विचारून राह्यलो. सांगून नाही."

त्याच आठवड्यात हिंमतराव जालन्याचं स्थळ पक्कं करून आले. "अन्नपूर्णे, रिकामी जागा भर."

तिनं आपल्या पत्रिकेचा गठ्ठा त्यांच्यादेखत सोडला. खिळा न् खिळा खणात टाकला. मग दुसरा गठ्ठा काढला, गणपती नसलेला. सिंधूच्या जागी स्वतःचं नाव बसवलं, तिच्या नवऱ्याच्या जागी जानरावाचं.

"माझ्या यंत्रावर हे छापतं का?"

"यंत्रावर पाय तर माझाच चालते, बाबा."

"खाली निमंत्रक म्हणून माझं नाव टाकू नको!"

"नाही टाकलं. जागा ठेवली आहे."

पत्रिका तशाच वाटल्या गेल्या, खाली कोऱ्या. कागद जानरावानं आणला. किंमत म्हणून अन्नपूर्णेनं माहेर मोजलं. हिंमतरावांनी हट्ट तेवढा राखला, आणि दुसऱ्या दिवसापासून चष्मा पुसत तिच्या जागी खिळे स्वतः जुळवायला बसले.