साखरेचा डबा

फोन आला तेव्हा फौजदारबाईंच्या तोंडात पहिलाच घास होता. चष्म्याच्या दुकानातला धाकटा भाऊ कामाच्या टेबलावरच मेला होता. चेहरा लालबुंद, शेजारी दारूची बाटली, आणि तिच्यातले जेमतेम दोन घोट कमी झालेले.

"पिऊनच मेला शेवटी," बाई दुकानात पोचल्या तेव्हा थोरला भाऊ म्हणाला. डोळे कोरडे ठणठणीत.

"दोन घोटांनी?"

"दारू सोडायची गोळी चालू होती. त्यावर प्यायलं की जिवावर बेततं. बायको रोज कुटून पाजते. तिलाच विचारा."

धाकट्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. दीर तिच्यावरच ढकलतोय, हे तिला कळत होतं.

"ती गोळी डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वीच बंद केली. हृदय कमजोर म्हणून. आता कॅप्सूल असते, अख्खी गिळायची."

"प्यायला कधीपासून लागले?"

"या दादांच्या गाडीखाली एक बाई येऊन मेली तेव्हापासून. यांनी गुन्हा अंगावर घेतला, आणि मग झोपच उडाली. उद्या ठाण्यात जाणार होते. का, ते सांगितलं नाही."

बाईंनी थोरल्याकडे पाहिलं. "चहा कोण करतं इथे?"

"मीच. त्याला दोन चमचे साखर. मला मधुमेह, मी बिनसाखरेचा घेतो."

"यांची बायको एरवी येते दुकानात?"

"पाऊल टाकत नाही."

बाईंनी साखरेचा डबा तपासायला पाठवला.

चौथ्या दिवशी त्यांनी दीर-भावजय दोघांना दुकानातच बसवलं.

"डॉक्टरांनी बंद केलेली ती गोळी त्याच्या रक्तात सापडली. साखरेतही तीच, कुटून मिसळलेली. साखर खाणारा एकच, डबा हाताळणारा एकच. गाडी तुम्ही चालवत होतात, दादा. तो ते सांगणार होता. गोळी तुम्ही आधीपासून पोटात घालत होतात. त्या दिवशी तो ठाण्यात जायला घाबरत होता, तर तुम्ही बाटली पुढे केलीत. धीर येईल म्हणून."

थोरला हसला. "नाही म्हणत होता मूर्ख. मी म्हटलं, दादा देतोय ना, मग घे."

"आणि श्वास अडकला तेव्हा?"

"माझा हात घट्ट धरला. डॉक्टरला बोलव म्हणाला. मी शटर ओढून घेतलं."

बायको उठली. थोरल्याला वाटलं ती मारणार. तिने नुसतं विचारलं, "कोणता हात?"

थोरल्याने उजवा हात मागे लपवला.

बाईंनी त्याच हातात आधी बेडी अडकवली.