पाण्यातले नाथाजी

ही २०१७ सालच्या चैत्रातली गोष्ट. कोयना धरणाच्या फुगवट्यापलीकडे, लाँचशिवाय जिथं जाता येत नाही अशा उंबरतळीत सोनम ही नवी नर्स घरोघरी फिरू लागली होती. मूळची ती मिरजेची. एवढं पाणी आणि एवढी शांतता तिनं कधी पाहिली नव्हती.

त्या सकाळी लाँच काठाला लागायच्या आतच धनाजी गुडघाभर पाण्यात उतरला.

"सिस्टर, बिगीबिगी चला! आयेला बाबा दिसाया लागल्यात!"

बाबा म्हणजे नाथाजी. चाळीस वर्षांपूर्वी होडी उलटून याच पाण्यात गेलेले. देह सापडला नव्हता. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की बुडालेल्या जुन्या गावाचे उंबरठे उघडे पडत. लोक म्हणत, नाथाजी तेव्हा आपलं घर शोधायला येतात.

काठावरच्या शेवटच्या घरात धनाजीची आई, चंद्राबाई, भिंतीला टेकून बसली होती. तोंड लालबुंद, ओठ कोरडेठाक. हातानं हवेतलं काहीतरी वेचत होती.

"आजी, कोण आहे तिथं?"

"आमचं मालक. बघ की, धोतर निथळतंय. म्हनत्यात, काठ सोडू नगंस."

 म्हातारी बघत होती त्या कोपऱ्याकडं सोनमनं पाहिलं. कोपरा कोरडा होता.

तिनं म्हातारीच्या कपाळाला हात लावला. चटका बसला, पण घामाचा थेंब नाही. बॅटरीचा उजेड डोळ्यांवर धरला, तरी मोठ्या झालेल्या बाहुल्या आकसल्या नाहीत.

"हे कधीपासून?"

"दिस उगवल्यापासनं," दारातून रंगूबाई म्हणाली. ही चंद्राबाईची धाकटी जाऊ. दोघी विधवा, याच घरात एकमेकींच्या आधारानं राहत. उजेडानं तिनं डावा डोळा मिटून घेतला होता. "दसऱ्यालाबी ह्यो धना आक्काला कुपवाडला आपल्या घरी न्यायला आला, आन असंच झालं. आज परत आलाय, औषदाची बाटली घिऊन. आता तुमीच काय ते वळखा."

"काकू, तोंड सांभाळ! मी आयेला इख घालीन व्हय?"

कोनाड्यात धनाजीनं आणलेलं टॉनिक होतं. सोनमनं बाटली उचलली. झाकणाचं सील तसंच होतं.

"सकाळपासून पोटात काय गेलं?"

"नुसता च्या. आजून भाकरी न्हाई, कालवण न्हाई," रंगूबाई म्हणाली.

चुलीजवळ चहाचं पातेलं होतं. शेजारी नुकताच धुतलेला पाटा निथळत उभा होता.

"डोळ्याला काय झालं, काकी?"

"कुसळ गेलंय. वाईच चोळला. उजेड सोसंना."

"बसा उंबऱ्यावर. धुऊन देते."

सोनमनं पापणी वर केली आणि तिचा हात थांबला.

"काकी, धोतऱ्याच्या बिया किती घातल्या?"

 बाहेर पाणी काठाला लागत होतं.

"हा बाधा झाल्याचा प्रकार नाही, दादा," सोनम धनाजीकडं वळली. "हा धोतरा आहे. त्यानं नसलेलं दिसतं, घाम आटतो. तुमची बाटली कुणी उघडलेलीच नाही. कालवण झालं नाही, मग पाटा कशाला धुवावा लागला? आणि कुसळानं डोळा लाल होतो, बाहुली मोठी होत नाही. काकींनी बिया वाटून चहात घातल्या आणि त्याच हातानं डोळा चोळला. बघा, एकच बाहुली आजींसारखी झालीय." ती रंगूबाईसमोर बसली. "किती घातल्या ते सांगा. आजी जगतील का, ते त्यावर आहे."

रंगूबाईनं बोटांची चिमूट करून दाखवली.

"चिमूटभर. दसऱ्यापरीस वाईच जास्त."

"का गं, काकू?"

"आजारी पडली न्हाई, तर तू तिला नेनार. समदी वाडी म्हमईला गेली. ह्या काठाला मी कुनाला हाक मारू, धना?"

 आईला उचलून धनाजी लाँचकडं धावला.

चंद्राबाई वाचली. तिनं तक्रार करू दिली नाही. उलट कुपवाडला जाताना हट्टानं जावेलाही बरोबर नेलं. धनाजी चुलतीशी पुढं कधी मोकळं बोलला नाही. काही वर्षांनी रंगूबाई वारली, शेवटपर्यंत चंद्राबाईच्या हातचा चहा पीत. घरात चहा करायची तिला मनाई होती. उंबरतळीतलं घर बंद पडलं. सोनमची बदली दहिवडीला झाली.

एकदा ती कुपवाडला म्हातारीला भेटायला गेली.

"आजी, जावेचा राग नाही आला?"

"आला की. लय आला." चंद्राबाई दाराकडं वळली. "पन चाळीस वरसांनी त्यांचं त्वांड दिसलं गं मला. इख उतरलं, आन ते परत गेलं."