गुलाबामागची बाई

श्रुतिकाला वाटलं होतं, लोक तिला डोक्यावर घेतील. जुन्या फिती आणि कागद जपण्याचं शिक्षण घ्यायला ती दोन वर्षं एडिंबरोला होती. परत आली ती एकच ध्यास घेऊन. घराघरांत माळ्यावर पडलेल्या लग्नाच्या, बारशाच्या व्हिडिओ कॅसेटींना बुरशी लागतेय, त्या वेळेत कंप्युटरवर उतरवल्या नाहीत तर आपल्या माणसांचा इतिहास जाईल. फुकट करून देते म्हणायची पोरगी.

आणि मिळालं काय? बी विंगच्या भीमराजने दार अर्धंच उघडलं. "आमच्या बायका नाचताना तू एकटी बसून बघणार? चल, निघ." माधुरीवहिनी म्हणाल्या, "फॉरेनला जाऊन हेच शिकलीस होय? रद्दी गोळा करायला?" एकाने तर तिच्या तोंडावर लॅच लावला.

हसा, पोरांनो, हसा. पण किरण, जिन्यावरचा दिवा राहू दे. बंद नको करूस.

तर, सगळ्या सोसायटीत तिला 'ये' म्हणणारे दोघेच. एक तिचे वडील, सीताराम परब. दुसरा मी. मी म्हणजे काय, नव्वदच्या काळात मुलुंड-भांडुपमधली निम्मी लग्नं मीच शूट केलीत. सीतारामचंही.

"काका, पण त्या जुन्या लग्नांच्या कॅसेटमध्ये चेहऱ्यावर गुलाब का हो यायचा?" हा नितेश मधेच.

तेच सांगतोय. तेव्हा मिक्सिंग करताना आम्ही चित्रावर बदाम, गुलाब, फिरते तारे टाकायचो. लोकांना आवडायचं. सीतारामच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मात्र एक गुलाब भलत्याच जागी होता. मांडवाच्या खांबाशी एक बाई उभी होती, तिच्या तोंडावर. कॅमेरा फिरला की गुलाबही फिरायचा. शेवटपर्यंत.

ती नलिनी. सीतारामची थोरली बहीण. भावाच्या लग्नानंतर आठ दिवसांत घर सोडून गेली. जाताना घरातल्या सगळ्या फोटोंतून स्वतःचं तोंड कात्रीने कापून नेलं. दोन वर्षांनी दहिसरला एका भाड्याच्या खोलीत वारली. घरच्यांना कळलं तेराव्या दिवशी.

सीतारामला आता नीट दिसत नाही. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढंही राहायचं नाही. तो लेकीला म्हणाला, "गो, माका तिचा तोंड एकदा बघूचा आसा. दिसता तोवर."

श्रुतिका माझ्याकडे आली. डोळे पेटलेले. "काका, घरातल्या बाईला कसं पुसतात बघितलंत? आजीनेच सांगितलं असणार गुलाब टाकायला. तुमच्याकडे मूळ कॅसेट असेल ना? मी आत्याला तिची जागा परत देणार आहे."

मूळ कॅसेट होती. मी काढून दिली. एक गोष्ट सांगायला हवी होती, ती सांगितली नाही. सीतारामचे डोळे आठवले आणि गप्प बसलो.

२०२४ साल. ऑगस्टची नऊ तारीख, शुक्रवार, नागपंचमी. श्रुतिकाची आई गावी गेलेली. सीताराम आतल्या खोलीत झोपलेला. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी तिने बाहेर कॅसेट लावली. कॅसेट उतरवायची तर घाई चालत नाही. तीन तासांची असेल तर तीन तास बसावं लागतं. ती हेडफोन लावून बसली.

सनई, अक्षता, पंगती. सगळं ठीक.

पावणेअकराला खांब आला. खांबाशी नलिनी. गुलाब नव्हता. हिरवी साडी, मोठं कपाळ. आपल्यासारखीच दिसते, असं श्रुतिकाला वाटलं. तिला रडू आलं. उठवावं बाबांना, म्हणून ती खुर्चीतून उठली.

पडद्यावरची नजर तिच्याबरोबर वर आली.

श्रुतिका डावीकडे सरकली. नजर डावीकडे.

उजवीकडे. नजर उजवीकडे.

मग नलिनी चालायला लागली. कॅमेऱ्याच्या दिशेने. पंगतीतून, पानांवरून. कोणी वळून बघत नव्हतं. पोरांनो, ते शूटिंग मी केलंय. ती त्या दिवशी खांबापासून हलली नव्हती. एक पाऊलसुद्धा नाही.

चेहरा पडद्याएवढा झाला. तिने हात लांब केला, पडद्याच्या कडेबाहेर. शूटिंगचा मोठा हॅलोजन दिवा असतो ना, तो धरल्यासारखा. आणि श्रुतिकाकडे फिरवला.

सगळं पांढरं झालं.

श्रुतिकाने हेडफोन फेकला. सनई थांबली नाही. वायर ओढली. लॅपटॉप मिटला. उजेड होताच. खोलीत. तापलेला. तिला घाम फुटला. उजेडाचा एक गोल तिच्या अंगावर होता. मग तो अंगावरून उतरला... भिंतीवरून सरकला...

आणि सीतारामच्या बंद दारावर जाऊन थांबला.

रंग करपल्याचा वास आला.

आतून सीताराम खोकला. "कोण आसा?"

श्रुतिका दाराकडे धावली. हात पुढे केला, पण उजेडात घालवेना.

"कोण आसा गो?" आत पलंग वाजला. तो उठत होता.

"नाही दाखवत," ती म्हणाली. "आत्या, नाही दाखवत. कोणालाच नाही."

...

काळोख झाला.

सकाळी पावणेसातला ती माझ्या दारात. कालचेच कपडे. सगळं सांगितलं. मग मी तिला ते सांगितलं, जे आधी सांगायला हवं होतं.

गुलाब आजीने टाकायला सांगितला नव्हता. घर नलिनीच्या पगारावर चालायचं. म्हणून तिची दोन स्थळं घरच्यांनी परस्पर मोडली, आणि हे तिला भावाच्या लग्नाच्या आदल्या रात्री कळलं. लग्नानंतर ती स्वतः माझ्या दुकानात आली होती. "चंद्रप्रकाश, मला त्यातून काढ. या लोकांच्या घरात मी कॅसेटमध्येसुद्धा राहणार नाही. आणि मूळ कॅसेट पुसून टाक." मी हो म्हटलं. मिक्सिंग केलेल्या कॅसेटवर गुलाब टाकला. मूळ कॅसेट पुसायची राहिली. आज पुसू, उद्या पुसू...

श्रुतिका एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, तिला परत यायचं असेल."

मी तिच्याबरोबर खाली गेलो. खोटं कशाला बोलू, विश्वास नव्हता माझा. सीतारामच्या दाराचा रंग ताटाएवढ्या गोलात फुगला होता. डोक्याच्या उंचीवर. हात लावला. सकाळचे सात वाजले होते, आणि दार गरम होतं.

दार उघडलं. सीताराम पलंगावर बसलेला. आमच्याकडे न बघता, आवाजाच्या दिशेने म्हणाला, "गावली काय गो?"

कॅसेट बिघडली, बुरशी लागली, काहीही सांगता आलं असतं. श्रुतिका त्याच्यासमोर खाली बसली.

"गावली, बाबा. पण ती नको म्हणाली."

सीतारामने 'का' विचारलं नाही. चादरीची कड हातात घेतली आणि बोटांनी चाचपत राहिला.

श्रुतिकाने कॅसेट माझ्या हातात दिली. "फाईल मी उडवते," ती म्हणाली. "ही तुम्ही पुसा, काका. आत्ता. माझ्यासमोर."