अठरा तुकड्यांचा बॉल

धप्पकन बॉल आमच्या कातडी कमावायच्या कुंडीत पडला आणि माझं तोंड, केस, पदर... सगळं बाभळीच्या सालीच्या लाल पाण्यानं भिजलं.

कुंपणावरून एक उंच तरुण डोकावला.

"ओ बाई, बॉल पाह्यला का?"

"पाह्यला ना! आंघोळ करून राह्यला. साबण देता का?"

तो हसला. मग माझं लाल झालेलं तोंड पाहून त्यानं हसू आवरलं — म्हणजे, आवरायला पाहिलं.

तो इंद्रभान. संग्रामपूरहून पगारावर आणलेला गोलकीपर.

साल त्रेसष्टचं. मेहकरात तेव्हा फुटबॉलचे दोन क्लब होते, एक कापसाच्या जिनिंगचा आणि एक पेठेतल्या पोरांचा. दोघांनाही धड अकरा गडी जमेनात, म्हणून जिनिंगचे मालक शेषराव यांनी दोन्ही क्लब एक केले आणि सगळ्यांना पगार लावला. नाव ठेवलं 'संयुक्त मेहकर'. नाव एक झालं, माणसं झाली नाहीत. जिनिंगवाले पेठवाल्यांना पास देत नसत. सरावाचा बॉलसुद्धा वेगळा... जिनिंगचा काळा, पेठेचा तांबडा.

शेवटी शेषराव वैतागले. "खामगावची मॅच हरले, तर क्लब बंद!"

क्लब बंद म्हणजे इंद्रभान संग्रामपूरला परत. हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातली आरी थांबली.

कारण एव्हाना तो रोज यायचा. चपलेचा तुटलेला अंगठा घेऊन.

"रोज कसा तुटते हो तुमचा अंगठा?"

"तू मजबूत शिवत नाही."

"मी शिवलेली मोट उंद्रीच्या विहिरीवर चालू आहे. थेंब गळत नाही!"

"मग चप्पलच खोटी असंन."

"चप्पल नाही. चप्पलवाला."

मॅचला आठ दिवस उरले आणि दोन्ही बॉल उसवून आमच्या ओट्यावर आले. माझे वडील कडूबा यांची नजर अधू झालेली, म्हणून काम माझ्याकडे. मी दोन्ही बॉल सोडवून पाहिले. काळ्याचे अकरा तुकडे धड निघाले, तांबड्याचे सात. बॉलला लागतात अठरा. मी कोणाला न विचारता एकच बॉल शिवला.

पण हाताला सवय मोटेची. बॉलची शिवण आत असते हे दिसत होतं, पण आतून शिवायला हात घालायचा कुठून? मी शिवण बाहेरच ठेवली. बॉल पाहून मैदानावर सगळे लोळले.

"अबे, हा बॉल आहे का फणस?"

"आमचे सातच तुकडे काऊन?" पेठवाले वेगळेच भांडू लागले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इंद्रभान तेवढा हसला नाही. त्यानं शिवणीवरून बोट फिरवलं.

"माझा बाप पण मोटा शिवते," तो हळूच म्हणाला. "असा टाका त्याले पण जमत नाही. अजून तेल पाज याले... अन् नाडी ओवायची चीर आहे ना, तिच्यातून उलटा कर."

दोन दिवस मी कातड्याला करंजीचं तेल पाजलं. मग अंगठ्यानं रेटत रेटत सगळा बॉल त्या चिरेतून उलटा केला. शिवण आत गेली आणि कातड्याची रंगाची बाजूही. आत ब्लॅडर भरून हवा मारली, तर बॉल गोल गरगरीत!

मॅच त्याच बॉलवर झाली. आता काळा कोणाचा, तांबडा कोणाचा, सांगता येईना. जिनिंगच्या सहदेवनं पहिल्यांदाच पेठेच्या भाऊरावला पास दिला आणि भाऊरावनं गोल केला. बाया कडुनिंबाखाली उभ्या राहून ओरडत होत्या, त्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा.

शेवटी खामगावला पेनल्टी मिळाली. मी डोळे मिटले. धाड्‌कन आवाज झाला... आणि पाठोपाठ सारं मैदान उसळलं. डोळे उघडले तर बॉल इंद्रभाननं छातीशी धरलेला.

शिटी वाजल्यावर तो सरळ माझ्याकडे आला.

"पाह्य, एक टाका उसवला नाही. क्लब राह्यला. मी पण राह्यलो. आता... तू काय म्हणते?"

सगळ्या बाया बघत होत्या. मी मान ताठ केली.

"आधी एक सांगा. तुमचा अंगठा तुटत नव्हता. सुरीनं कापलेला असे, रोज."

तो लाजून लाल झाला, कुंडीतल्या पाण्यासारखा.

"तुले माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. कातड्यात वाढली मी."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती, तर दुसऱ्या दिवशी काय घेऊन आले असते?"

तो बॉल पुढे दोन वर्षं चालला. आणि यांची चप्पल... लग्नानंतर एकदाही तुटली नाही.