भेटीची पंधरा मिनिटं

विकी पहिल्या दिवशी आयसीयूत शिरला तोच गाऊन उलटा घालून. नाड्या पुढे, छाती उघडी, जसा काही कोटच. स्टाफ नर्स कृतिकाने तो उतरवायला लावला, नीट घालायला दिला आणि मागे नाड्या बांधल्या.

“इथे स्टाइल चालत नाही.”

“सॉरी मॅडम. आमच्या घरात कोण अॅडमिट झालंच नाय कधी,” तो म्हणाला... आणि खाटेवरच्या वडिलांकडे वळला.

मोहने गावचे गोपीनाथ. फुप्फुसं पार निकामी, तोंडातली नळी व्हेंटिलेटरला जोडलेली. शुद्ध मात्र शाबूत. रोज पाच ते सव्वापाच भेटीची वेळ. विकी येई तेव्हा कृतिका गोपीनाथांचे दोन्ही हात धरून उभी असे.

“सगळ्याच पेशंटचे हात धरता?” एकदा त्याने विचारलं.

“ज्यांचे मुलगे फार बडबडत नाहीत, त्यांचेच.”

“मग उद्यापासून गप.”

गप तो राहिला नाहीच. आणि साडेचार वाजले की कृतिकाचं लक्ष घड्याळाकडे जाऊ लागलं. चार वर्षं आयसीयूत काढलेली मुलगी, आणि हे असले चाळे! तिची तिलाच लाज वाटायची.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी विकीला आणि त्याच्या आईला, तुळसाला, समजावून सांगितलं. फुप्फुसं आता सुधारणार नाहीत. गळ्याला छिद्र पाडून मशीनवर आणखी काही आठवडे काढता येतील. नाहीतर मशीन थांबवून, त्रास होणार नाही एवढं पाहता येईल. ठरवून सांगा.

विकीचं ठरलेलंच होतं. “छिद्र करू,” तो खाटेशी येऊन कृतिकाला म्हणाला. “तुम्ही हात धरलेत की बाबा किती शांत असतात... बघतो ना मी रोज. त्यांना जगायचंय.”

नर्सचं मत कोणी विचारत नाही. कृतिका गप्प राहिली असती, तर त्याच्या डोळ्यांतली ती माया तिच्या वाट्याला राहिली असती. आणि ती तिला हवी होती, अगदी हवी होती.

“बाकीचा दिवस हे हात बांधलेले असतात,” ती म्हणाली. “मोकळे सोडले की ते नळी ओढतात. तुम्हाला दिसू नये म्हणून पाचला पट्ट्या सोडते... आणि धरून ठेवते.”

“बारा दिवस?”

“हो.”

“फसवलंत मला.”

“हो. पण माझं मत सांगू? सगळ्यांना विचारून झालं, त्यांना कोणी विचारलंच नाही.”

विकी हलला नाही. मागे उभी असलेली तुळसाच पुढे झाली. “अवो, गल्याला भोक पाडू का? मशीनवर ऱ्हाल?”

गोपीनाथांनी मान हलवली. नाही. डॉक्टरांनी येऊन पुन्हा विचारलं, तेव्हाही नाही.

नियमाप्रमाणे डॉक्टरांच्या दोन समित्या बसल्या, कागद झाले. श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून औषध देऊन नळी काढली. बायको आणि मुलगा उशाशी असताना, दुपारी गोपीनाथ गेले. हॉस्पिटलमधून निघताना विकीने कृतिकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

महिन्याभराने तो हॉस्पिटलच्या गेटशी उभा दिसला. डोक्यावर नुकते केस आलेले.

“काका बोलतात, नर्सने घाई केली. भांडलो मी त्यांच्याशी,” तो म्हणाला. “पण एकटा असलो की मलाच तुमचा राग येतो.”

“अजून?”

“अजून. ते बांधलेले हात... झोप नाय लागत. आईला सांगता येत नाय, मित्रांना नाय. सांगावंसं वाटतं ते तुम्हालाच. आता काय करू मी?”

कृतिकाचे डोळे भरून आले. “बांधायचे मीच. आणि तुम्ही येणार म्हणून पाचची वाटही मीच बघायचे. मला तरी कुठे झोप लागते?”

विकीने खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला.

“उद्यापासून सकाळची ड्यूटी आहे,” ती हळूच म्हणाली. “दोनला सुटते... ये.”

“राग गेला नसला तरी?”

“नसला तरी.”