दोनशे दहा

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता मालांग शहरातल्या एका शिकवणीत सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचं पाकीट फाडलेलं सापडलं. ते ज्यात होतं ते आकडी कुलपाचं कपाट मात्र धड. एक ओरखडा नाही.

फौजदार नास्तिती आल्या तेव्हा सफाईवाली सुतिना मावशी शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसवलेली होती. मांडीवर ओलं फडकं. शिकवणीच्या मालकीणबाई हार्तिनींनी मावशीच्या पोरीचा, वेनिंगचा, प्रवेशाचा पास फाडला आणि चार तुकडे गणिताच्या प्रासोजो सरांच्या टेबलाखालच्या डब्यात टाकले. डबा आधीच ओसंडत होता.

"आईमुळे फुकट शिकत होती," हार्तिनी म्हणाल्या. "विद्यापीठाची परीक्षा नऊ दिवसांवर आहे. तयारी करू दे आता घरी बसून."

"कपाटाचा आकडा कुणाला माहीत होता?"

"मला आणि हिला. कालच बदललाय. मी सकाळपासून बाहेरगावी, सुराबायाला होते."

"पहारेकरी?"

"जुम्म्याच्या नमाजाला. चाळीस मिनिटं."

प्रासोजो सर हसले. निकालाच्या फलकावर दरवर्षी त्यांचाच फोटो असायचा. "बाई, शाळकरी गणित आहे. दहा बटणं, चार दाबायची, प्रत्येक एकदाच. पाच हजार चाळीस प्रकार. एकेकाला सहा सेकंद धरा, आठ तास लागतील. चाळीस मिनिटांत उघडलं ते माहीत असणारीनंच. तीन वाजता मीच हिला इथं बसवलं, पळेल म्हणून."

"मावशी, उघडून दाखवा."

सुतिनानं दोन, चार, सात, नऊ दाबलं. उघडलं.

"परत."

या वेळी तिनं खालून सुरुवात केली. नऊ, सात, चार, दोन. उघडलं.

"उलटं का दाबलंत?"

"हात पडेल तसं दाबते, बाई. चारही दाबली गेली की झालं."

टेबलावर बुधवारच्या चाचणीचा गठ्ठा होता. त्यातला वेनिंगचा पेपर नास्तितींनी काढला. प्रश्न याच कपाटाचा. पोरीनं लिहिलं होतं: दोनशे दहा. त्यावर लाल फुली.

वेनिंग सरकारी शाळेतून नुकतीच आली होती, गणवेशातच. दुपारभर शाळेच्या वर्गात होती, हजेरी लागलेली.

"हे चुकलं कसं, गं?"

"चुकलं नाही. आपल्या कपाटाला क्रम लागत नाही, आई कशीही उघडते. मी सरांना सांगितलं. त्यांनी मला बाकावर उभं केलं आणि म्हणाले, फडकेवालीची पोर मला शिकवते."

नास्तितींनी डबा जमिनीवर उपडा केला. पासाचे तुकडे, सालं, आणि एक चुरगळलेला कागद. हजेरीपत्रकाची मागची कोरी बाजू. लाल शाईत ओळीनं चार-चार आकडे, शून्य-एक-दोन-तीनपासून, एकेक खोडलेला. एकशे चौसष्टावा होता दोन-चार-सात-नऊ. त्याला गोल.

"क्रम लागत नसेल तर प्रकार दोनशे दहाच," त्या म्हणाल्या. "सहा सेकंदांनी एकवीस मिनिटं. तुम्हाला सोळा पुरली, सर. बुधवारी एका पोरीनं हे तुम्हाला शिकवलं, आणि आज मला तुम्ही पाच हजार चाळीसच सांगितलंत. तिथंच खटकलं. अक्षरही तुमचंच, या तपासलेल्या पेपरांवरचं. तुमचा वर्ग पहिला यायला हवा होता, फलकासाठी."

प्रासोजोंनी कागदाकडे हात नेला, पण नास्तितींनी तो आधीच उचलला.

"चार वाजता मावशी कचरा नेते, या भरवशावर तुम्ही होतात. आणि तीन वाजता तुम्हीच तिला खुर्चीत बसवलंत."

शिपाई त्यांना घेऊन गेले. हार्तिनींनी कपाट बंद केलं.

"माझ्या पोरीचं काय?" सुतिनानं विचारलं.

"पालकांच्या कानावर चोर म्हणून तुझंच नाव गेलंय. आता मी कुणाकुणाला समजावू? परीक्षा होईपर्यंत नकोच ती इथं." त्यांनी जमिनीकडे बोट केलं. "आणि तेवढं झाडून घे."

सुतिना खाली बसली. सालं डब्यात भरली. पासाचे चार तुकडे तेवढे पुसून तिनं पोरीच्या हातात दिले, आणि फडकं पिळायला गेली.